सरड्यापुढे लोटांगण

जावई होऊ पाहणाऱ्याची छाती आणि सासऱ्याच्या पडवीची फरशी यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं, तर काय होतं? लागोसमध्ये काहीही होत नाही. तिथली पोरं हल्ली कंबरेत जराशी वाकतात, जमिनीकडे बोट दाखवल्यासारखं करतात आणि लगेच थंड बाटलीकडे वळतात. पण इरेमोदी गावात, आणि त्यातही निवृत्त हेडमास्तर ओगुनदिपे यांच्या पडवीत, चार बोटांनी लग्न मोडतं.

दुरोतिमीचं तसंच मोडलं. खरं म्हणजे जुळायच्या आधीच मोडलं.

हा दुरोतिमी लागोसचा. इबादानच्या विद्यापीठात तो सरड्यांवर संशोधन करायचा. 'त्याने पोट भरतं का?' हा प्रश्न आईपासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांनी त्याला विचारून झाला होता. मोरेनिकेने तेवढा विचारला नाही, म्हणून तो तिच्या प्रेमात पडला. ती इबादानलाच कॉलेजात गणित शिकवायची. ओगुनदिपे हेडमास्तरांची ती एकुलती एक मुलगी, आणि दुरोतिमी ज्या उघड्याबोडक्या काळ्या टेकडीवर सरड्यांमागे हिंडायचा, ती टेकडी नेमकी तिच्याच गावाच्या उशाशी. हा गडी सरड्यांमुळे मुलीपर्यंत पोचला की मुलीमुळे सरड्यांपर्यंत, यावर गावात दोन तट होते.

लग्न मोडलं त्या दिवसाची गोष्ट अशी. सकाळभर उन्हात भाजून निघाल्यावर दुरोतिमीला टेकडीवर एक सरड्याची मादी सापडली होती. नर ढिगाने दिसतात, लाल डोकं मिरवत उंच दगडावर बसलेले असतात. मादी मात्र दगडाच्या रंगाची, लाजरी, फटीतून बाहेर न पडणारी. ती हाती लागली म्हणून तो हरखला होता, तेवढ्यात मोरेनिकेचा फोन आला.

"दुरो, आत्ताच्या आत्ता ये. बाबांचं जेवण झालंय. कोनफळ आज मस्त मऊ कुटलं गेलं होतं, दोनदा मागून घेतलं. असे खुशीत पुन्हा नाही सापडायचे."

"अगं, पण माझे कपडे..."

"कपडे नंतर. ये!"

मादी कापडी पिशवीत होती. गाडीत ठेवली तर अर्ध्या तासात तिची भाजी झाली असती, गाडी नुसती भट्टीसारखी तापली होती. म्हणून त्याने पिशवी शर्टाच्या वरच्या खिशात घातली, छातीवर. आणि तसाच हेडमास्तरांच्या पडवीत जाऊन उभा राहिला.

हेडमास्तर खुर्चीत बसले होते. मोरेनिकेच्या आईने कोलाची, म्हणजे सोयरीक जुळली की वाटायच्या कडू बियांची, बशी तयार ठेवली होती, तिच्या तोंडावर हसू होतं. सगळं जुळून आलं होतं. आता पुरुषाने मोठ्या माणसासमोर करायचं तेवढंच करायचं होतं: पालथं पडून, छाती जमिनीला टेकवून लोटांगण. दुरोतिमी हातांवर खाली झाला, आणि चार बोटं उरली असताना त्याला खिसा आठवला.

तो तिथेच थांबला. खाली गेला तर सरडीचा चुरा, वर आला तर लग्नाचा. नाकावरून घाम फरशीवर टपकला.

"किती वेळ असा राहणार आहेस?" वरून आवाज आला.

"बाबा, नमस्कार करतोय."

"हा नमस्कार आहे होय? मला वाटलं माझ्या खुर्चीखाली किल्ली शोधतोयस."

मोरेनिकेच्या आईने तोंडावर हात धरला. मोरेनिके मुलींच्या रीतीप्रमाणे दारात गुडघ्यांवर बसली होती, तिने डोळ्यांनी त्याला 'खाली जा, खाली जा' असं सांगून पाहिलं. तो गेला नाही. शेवटी कसाबसा उठला आणि धूळ नसलेले हात झटकत उभा राहिला.

"ती बशी आत घेऊन जा," हेडमास्तर बायकोला म्हणाले. "ज्याची छाती माझ्या फरशीला लागायला लाजते, त्याच्याशी मला बोलायचं काय आहे?"

बशी आत गेली. विषय संपला.

खिशातलं प्रकरण त्याने मोरेनिकेला फोनवर सांगितलं. आधी ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मग एकदम चिडली. "म्हणजे माझ्या आईबाबांना भेटायला येताना तू दुसरीला खिशात घालून आलास?"

"मोरे, मी त्यांना जाऊन सांगतो सगळं."

"सांगून बघ. पण बाबांनी आयुष्यभर पोरांच्या सबबीच ऐकल्यात. आणि हे बघ, मी त्यांच्याशी भांडेन, अन्न सोडेन, काय वाटेल ते करेन. पण बाबा मांडवात नसतील असं लग्न मला नकोय. ते माझ्याच्याने होणार नाही." दुरोतिमीला त्या रात्री झोप आली नाही.

दुःख असलं तरी काम सुटत नाही. इबादानच्या मॅडम, म्हणजे त्याच्या मार्गदर्शक, हात धुऊन मागे लागल्या होत्या. टेकडीवरचा सरडा गावातल्या भिंतींवरच्या सरड्याहून वेगळ्या जातीचा आहे, असं दुरोतिमीचं म्हणणं होतं. दिसायला दोघे सख्खे भाऊ. रंगाचं म्हणाल तर सरड्याच्या रंगावर कोण विश्वास ठेवणार? ऊन चढलं की लाल, घाबरला की मातकट. पोटाभोवतीचे खवले भिंगाखाली मोजून झाले, तर गावच्याचे जास्तीत जास्त आणि टेकडीवरच्याचे कमीत कमी आकडे एकमेकांत मिसळले. रक्ताची तपासणी करायला नमुने पाठवले होते, ते परदेशात कुठल्या तरी रांगेत पडून होते.

"ते सगळं ठीक आहे, दुरोतिमी," मॅडम म्हणाल्या होत्या, "तुला फरक कळतो. मला कळतो. पण सरड्यांना कळतो का? ते एकमेकांना आपलं मानतात की परकं? तेवढं बघून ये."

आता सरडा आपलं-परकं कसं ठरवतो? तर जोर काढून. नर दगडावर चढतो, पुढच्या पायांवर वर-खाली होतो, मान हलवतो. त्या हलण्याची प्रत्येक जातीची लय वेगळी. ओळखीची लय दिसली की दुसरा नर उत्तर देतो आणि मादी मान वळवून बघते. अनोळखी दिसली की कोणी ढुंकून बघत नाही. दुरोतिमीने आधी मातीचा सरडा केला, रंगवला, दोरीने हलवायची सोय केली. पहिल्याच दिवशी टेकडीवरच्या दादाने, म्हणजे तिथल्या सगळ्यात दांडग्या नराने, त्याला धक्का मारून कड्यावरून खाली ढकललं. मग दुसरा उपाय उरला नाही. दुरोतिमी स्वतःच खडकावर पालथा पडला आणि जोर काढायला लागला.

आणि नेमकं हेच लासिसीने बघितलं.

लासिसी ताडी काढायचा. उंच झाडावर बसणाऱ्या माणसाला गावातलं सगळं दिसतं आणि खाली उतरल्यावर ते पोटात ठेववत नाही. ताडीचं मडकं हेडमास्तरांच्या पायरीवर ठेवता ठेवता तो म्हणाला, "हेडमास्तर, तुमचा तो लागोसवाला. टेकडीवर सरड्याला लोटांगण घालतोय."

"काय बडबडतोस?"

"शांगोची शपथ. आणि अर्धंमुर्धं नाही. पूर्ण. छाती दगडाला टेकवून. एकदा घालून भागलं नाही, पुन्हा पुन्हा घालतोय. आणि तो सरडा काय ऐटीत बसलाय! इतका मान तर आपल्या राजालाही मिळत नाही."

हेडमास्तरांच्या हातातला पेला तसाच राहिला. मला चार बोटं कमी, आणि सरड्याला अख्खी छाती! अपमान नुसता झाला असता तर त्यांनी गिळला असता. पण हा तर सरड्याच्या खाली बसवून केलेला अपमान होता.

दुपारी दुरोतिमीला बोलावणं आलं. या वेळी खिसा रिकामा होता. पण तो पालथा पडायला वाकला, तोच हेडमास्तरांनी हात वर केला. "नको. उष्टं लोटांगण मला नको. उभा राहा आणि उत्तरं दे."

मग परीक्षा सुरू झाली. हेडमास्तरांनी चष्मा पुसला. मोरेनिके आणि तिची आई दाराआड उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी छाती का टेकली नाही?"

"बाबा, खिशात सरडा होता. म्हणजे सरडी. मी खाली आलो असतो तर ती चिरडली असती."

"असं. माझ्या शाळेत सगळ्या पोरांच्या खिशात काही ना काही असायचंच. बेडूक, विंचू, आजारी आजी. कुठे आहे ती सरडी?"

"इबादानला."

"काय करते तिथे?"

दुरोतिमी घुटमळला. "बाटलीत आहे. स्पिरिटच्या. नमुना म्हणून तसं ठेवावं लागतं."

हेडमास्तर खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे माझ्या पडवीत तू तिचा जीव वाचवलास, माझा अपमान करून वाचवलास, आणि इबादानला नेऊन तिला मारलीस?"

दुरोतिमीने रिकामा खिसा चाचपला. खरं तर शास्त्राकडेही याचं फारसं चांगलं उत्तर नाही. दाराआडून मोरेनिकेने कपाळावर हात मारल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"बरं. आता सरड्यापुढे का लोळतोस ते सांग."

इथे मात्र दुरोतिमीची जीभ सुटली. विषय आवडीचा होता. त्याने रंगाचं सांगितलं, खवल्यांचं सांगितलं, मग लय सांगितली. गावातला सरडा भराभर जोर काढतो, पण पोट कधी दगडाला लागू देत नाही. टेकडीवरचा दोनदा सावकाश वर होतो आणि मग पूर्ण खाली जाऊन छाती दगडाला टेकवतो. क्षणभर तसाच राहतो. मग मान वर करतो. "मी गावच्या सरड्यासारखे जोर काढले, तर टेकडीवरचा बघतही नाही. छाती टेकवली, की लगेच उत्तर देतो. म्हणजे हे दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, बाबा. शेजारी राहतात, सख्खे दिसतात, पण जात वेगळी."

हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरत गेलं.

"म्हणजे आपल्या टेकडीवरचा छाती टेकवतो."

"हो."

"आणि भिंतीवरचा, लॉऱ्यांतून लागोसकडून आलेला, तो टेकवत नाही."

"लागोसहून आला असं नक्की म्हणता येणार नाही, पण..."

"मी म्हणतो ना. शाबास. उत्तर बरोबर आहे. सगळे गुण." ते उठून उभे राहिले. "आणि आता तुझ्याच शास्त्राने ऐक. जो टेकवतो तो एक, जो टेकवत नाही तो दुसरा. दोघांचं एकमेकांशी लग्न होत नाही. बरोबर?"

दुरोतिमीचं तोंड उघडंच राहिलं. हसावं की रडावं ते त्याला कळेना. आपणच खणलेल्या खड्ड्यात आपण पडतो तेव्हा खड्डा चांगला खणलाय याचं कौतुकही करता येत नाही.

"बरोबर," तो पुटपुटला.

"मग जा."

फाटकापाशी मोरेनिकेने त्याला गाठलं. "तुला दुसरं उदाहरण सापडलं नाही? खवल्यांवरच थांबला असतास तर काय बिघडलं असतं?"

"ते खवले एकमेकांत मिसळतात गं."

"मिसळू दे की! मिसळणारंच हवं होतं आपल्याला!" ती रडत होती आणि चिडतही होती. तिचा हात धरावा असं त्याला फार वाटलं, पण खिडकीत चष्मा चमकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेकडीवर गेला तो निरोप घ्यायलाच. दुपारी इबादानला निघायचं होतं. जाता जाता एक मादी हाती लागली. तिच्या शेपटीचं चिमूटभर टोक घ्यायचं, तपासणीला पाठवायचं आणि तिला जागच्या जागी सोडून द्यायचं, एवढंच काम होतं. तो शिकला होता. टोक घेऊन झालं, आणि सोडायला म्हणून पिशवी खिशात घालून तो वरच्या सपाट खडकाकडे निघाला. तेवढ्यात कण्हण्याचा आवाज आला.

खडकावर निळ्या घोळदार झग्याचा ढीग पडला होता. ढिगाच्या एका टोकाला हेडमास्तरांचं डोकं होतं, बिनटोपीचं. टोपी हातभर पुढे घरंगळली होती आणि तिच्यावर टेकडीवरचा दादा, तोच लाल डोक्याचा, ऐसपैस बसला होता.

"बाबा! काय झालं? पडलात का?"

"पडेन कशाला? मी काय झाडावर होतो?" हेडमास्तर दगडाकडे तोंड करूनच बोलले. "आयुष्यभर पोरांना सांगत आलो, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. म्हणून करून बघितलं. दोनदा सावकाश वर झालो, मग छाती टेकवली."

"मग?"

"उत्तर दिलं त्याने! छाती टेकवून दिलं!" त्या अवस्थेतही म्हाताऱ्याचा आवाज आनंदाने चढला. मग तो खाली आला. "पण मला पुन्हा वर होता येईना. कंबर धरली. तेव्हापासून आम्ही दोघे एकमेकांकडे बघतोय."

"थांबा, मी उचलतो."

"हात लावू नकोस! एकट्याचं काम नाही ते, मोडून टाकशील मला. आणि असा डोक्यावर काय उभा राहिलास? मोठं माणूस आडवं आणि हा उभा! हीच रीत आहे का लागोसची?"

दुरोतिमी पटकन गुडघ्यांवर बसला.

"अजून वरच आहेस."

तो उकिडवा झाला, वाकला, कोपरांवर आला. पण जो माणूस जमिनीला चिकटलाय, त्याच्याहून खाली जायला एकच वाट असते. दुरोतिमीने हात टेकले, खाली झाला, आणि चार बोटं उरली असताना पुन्हा थांबला.

हेडमास्तरांनी तिरकी मान करून त्याच्याकडे बघितलं. "आता काय? आज कोण आहे खिशात?"

एका हातावर तोल सांभाळत दुरोतिमीने खिशातून पिशवी काढली आणि हळूच हेडमास्तरांच्या नाकासमोर ठेवली. पिशवी हलली. कापडाला एक छोटंसं टेंगूळ आलं, इकडून तिकडे गेलं आणि गाठीपाशी थांबलं.

हेडमास्तर बघत राहिले. वारा सुटला होता, खाली गावात कुठेतरी उखळात कोनफळ कुटल्याचा आवाज येत होता. त्यांची दाढी दगडावर घासली गेली.

"त्या दिवशी पण हे असंच होतं?"

"हो बाबा."

"तोंडाने का नाही बोललास?"

"भीती वाटली. तुमच्याकडे मुलगी मागायला आलो होतो. सरडी घेऊन आलोय असं कसं सांगणार?"

"हं," हेडमास्तर म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "हं." मग घसा खाकरला. "मी तुला खोटारडा ठरवला. ती माझी चूक झाली. सोड तिला. आणि हिला बाटलीत घालायचं नाही."

दुरोतिमीने गाठ सोडली. मादी बाहेर आली, तिने हेडमास्तरांच्या भल्यामोठ्या नाकाकडे एकवार बघितलं आणि सरळ दगडाच्या फटीत शिरली.

"आता टेक," हेडमास्तर म्हणाले.

दुरोतिमीने छाती टेकवली. दगड उन्हाने कोमट झाला होता. टोपीवरच्या दादाने दोघांकडे बघितलं, दोनदा सावकाश वर झाला आणि छाती खाली टेकवली, नेमकी हेडमास्तरांच्या टोपीवर.

"ओळखलं त्याने," हेडमास्तर कुजबुजले.

"हो बाबा."

तेवढ्यात खालच्या बाजूने लासिसी आला, खांद्याला ताडीचं मडकं लावून. वर चढला आणि जागच्या जागी थिजला. "हेडमास्तर! तुम्हीसुद्धा?"

"तोंड बंद कर आणि मडकं खाली ठेव. आता सगळं बघ, नीट बघ, आणि गावात सांगशील तेव्हा बरोबर सांग. या पोराच्या छातीखाली हात घालून बघ. किती बोटं जातात?"

लासिसीने मडकं ठेवलं. खडकाला गाल लावून त्याने दुरोतिमीच्या छातीखाली हात सारायचा प्रयत्न केला. मग बोटं आखडून बघितली. करंगळी लावून बघितली.

"एकही जात नाही, हेडमास्तर." तो जरा थांबला. त्याच्याने राहवलं नाही. "तुमच्याखालूनही जात नाही."

"ते तुला कोणी विचारलं?" हेडमास्तर म्हणाले. "जा, मला उचलायला दोन माणसं घेऊन ये. आणि वाटेत मोरेनिकेच्या आईला सांग, ती कोलाची बशी बाहेर काढ म्हणावं."